पाव भाग अक्रोड, पाऊण भाग पेअर: हावहिंग्स्टेनच्या मॉडेलच्या नोंदी

१६ ऑक्टोबर २०२२

काम ठरलं. डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या वायकिंग जहाज संग्रहालयाचं 'हावहिंग्स्टेन फ्रा ग्लेन्डालॉक', म्हणजे आयर्लंडमधल्या ग्लेन्डालॉकचा सागरी घोडा, या लांब लढाऊ जहाजाचं लाकडी मॉडेल करायचं. प्रमाण १:२५. खरं जहाज ३० मीटर लांब आणि ३.८ मीटर रुंद, त्यामुळे मॉडेल १२० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम १५ सेंटिमीटर रुंद होणार. कागदावर नुसत्या दोन रेघा मारल्या तेव्हाच हे जहाज किती सडपातळ आहे ते कळलं. लांबी रुंदीच्या जवळजवळ आठपट आहे.

'रोअर एगे' या त्याच संग्रहालयाच्या छोट्या मालवाहू जहाजाचा तयार किट इथे डेन्मार्कमध्ये मिळतो आणि तो चांगला असतो. तरी मला हावहिंग्स्टेनच हवं आहे. ते स्वतः एक प्रतिकृती आहे. २००० ते २००४ या काळात रोस्किल्डच्या कारागिरांनी ते बांधलं, तेही शक्य तितकं ११व्या शतकातल्या हत्यारांनी. ४ सप्टेंबर २००४ रोजी राणी मार्ग्रेथ दुसरी यांच्या हस्ते ते पाण्यात उतरलं. मूळ जहाजाचं नाव कोणालाच माहीत नाही. अभ्यासक त्याला 'स्कुल्डेलेव्ह २' म्हणतात. १०४२ साली डब्लिनच्या परिसरात बांधलेल्या त्या जहाजाचा फक्त २५ टक्के भाग हाती लागला. उरलेला पाऊण भाग तर्काने, सोबत सापडलेल्या इतर जहाजांवरून आणि शेवटी प्रत्यक्ष समुद्रात नेऊन ठरवावा लागला.

हा फरक मॉडेलमध्ये डोळ्यांना दिसला पाहिजे. जिथे मूळ लाकूड मिळालं आहे तिथे गडद अक्रोड, आणि जिथे अनुमान आहे तिथे फिकट पेअर, म्हणजे नाशपतीचं लाकूड. प्रकाशित आराखड्यांत मिळालेले तुकडे वेगळे दाखवलेले आहेत, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे.

मॉडेल पुरं झालं की मालवणला माझ्या जुन्या शाळेच्या वाचनालयात जाणार. तिथे शेजारी उभं राहून समजावून सांगणारं कोणी नसेल. म्हणून काय खरं सापडलं आणि काय ठरवलं गेलं, ते लाकडालाच सांगू दे.

१२ नोव्हेंबर २०२२

दिवसभर रोस्किल्डला. कोपनहेगनहून ट्रेनने अर्धा तासही लागत नाही. स्टेशनपासून कॅथेड्रलच्या बाजूने उतार धरला की थेट फियॉर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या, काठी.

१९६९ साली उघडलेलं काँक्रीटचं दालन आणि समोर पाण्याकडे उघडणारी मोठी काचेची भिंत. आत पाच जहाजं. 'स्कुल्डेलेव्ह २' पाहायला गेलेला माणूस आधी गोंधळतो, कारण दिसतो तो लोखंडी सांगाडा. जहाजाचा पूर्ण आकार पातळ धातूच्या पट्ट्यांनी हवेत काढलेला आहे आणि त्या आकारात जिथे जिथे लाकूड मिळालं तिथे ते बसवलं आहे. तळाशी बरंच, वर जावं तसं विरळ. नंतर नुसती हवा.

मी बराच वेळ एकाच फळीसमोर होतो. रंग काळपट, वर बारीक चिरा. कडेला खिळ्यांची भोकं एका ओळीत आणि काहींभोवती गंजाचा तांबूस डाग अजून आहे. खिळा गेला, डाग राहिला. फळीच्या कडेला लांबच लांब कोरलेली रेघ दिसते. मजबुतीला तिचा काही उपयोग नाही. ज्याने ती काढली त्याने ती फक्त छान दिसावी म्हणून काढली. लढाईसाठी बांधलेल्या जहाजावर, पाण्याखाली जाणाऱ्या फळीवर! माझ्या मॉडेलमध्ये ही रेघ असणारच.

ही जहाजं बुडाली नव्हती, मुद्दाम बुडवली होती. साधारण १०७० च्या सुमारास रोस्किल्ड शहराला समुद्रमार्गे धोका होता, म्हणून फियॉर्डमधल्या पेबेररेंडेन नावाच्या अरुंद वाटेत जुनी जहाजं दगड भरून तळाला घातली आणि वाट अडवली. पुढे शेकडो वर्षं कोळ्यांमध्ये तिथे राणी मार्ग्रेथ पहिलीच्या काळातलं एक जहाज आहे अशी समजूत होती. १९५७ पासून पाणबुड्यांनी पाहणी केली. १९६२ साली ओलाफ ओल्सन आणि ओले क्रुमलिन-पेडरसन यांनी त्या जागेभोवती लोखंडी पत्र्यांचा बांध घातला, आतलं पाणी उपसलं आणि उघड्या पडलेल्या तळावरून एकेक तुकडा उचलला. लाकूड सुकून चिरू नये म्हणून त्यावर सतत पाणी फवारत होते. त्यानंतर ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनात मुरवून टिकवलं.

आधी वाटलं होतं सहा जहाजं आहेत. नंतर लक्षात आलं की चौथ्या जहाजाचे समजलेले तुकडे दुसऱ्याचेच आहेत, इतकं ते लांब होतं. म्हणून आजही क्रमांक १, २, ३, ५ आणि ६ आहेत. चार नाही. कोणी नव्याने क्रमांक लावले नाहीत, हे मला फार आवडलं.

२० नोव्हेंबर २०२२

लाकूड आलं. ओक घेतलं नाही. मूळ जहाज ओकचं असलं तरी ओकचे रेषे मोठे, १:२५ ला ते दोरखंडासारखे दिसतील. पेअर आणि अक्रोड दोन्ही ओकपेक्षा बारीक रेषांचे. खऱ्या जहाजाच्या फळ्या दोन-अडीच सेंटिमीटर जाड, म्हणजे मला १ मिलिमीटरची पट्टी हवी. एवढ्या मोठ्या जहाजाची भिंत माझ्या अंगठ्याच्या रुंदीएवढी! समुद्र आणि माणूस यांच्यामध्ये तेवढंच लाकूड.

११ डिसेंबर २०२२

कणा आणि दोन्ही टोकांचे उभे तुकडे तयार. कण्याचा सापडलेला भाग अक्रोडचा आणि पुढचा-मागचा जोड पेअरचा. जोड तिरपा कापून बसवला.

टोकांना मात्र वेळ लागला, कारण तिथे 'स्कुल्डेलेव्ह २' फारशी मदत करत नाही. मदत करतं ते 'स्कुल्डेलेव्ह ३'. त्याचं नाळेचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, लाकूड उत्तम टिकलं आहे. एकाच ओंडक्यातून कोरलेलं, आणि त्यावर फळ्यांच्या ओळी जणू पुढे चालू राहिल्यासारख्या पायऱ्या कोरलेल्या. म्हणजे कारागिराला पहिली फळी लावण्याआधीच शेवटची फळी कुठे येऊन मिळणार हे ठाऊक होतं. आराखडा कागदावर नव्हता, तो या टोकाच्या लाकडात होता. त्याच पद्धतीने कोरायला घेतलं आणि पटाशीचं सर्वांत बारीक पातं लागलं.

८ जानेवारी २०२३

फळ्या लावायला सुरुवात. ही नोंद थोडी सविस्तर, कारण सगळं जहाज या एका कामात आहे.

आपल्या डोक्यात जहाज बांधणं म्हणजे आधी सांगाडा आणि मग त्यावर फळ्या. या लोकांचं उलट. आधी कणा आणि टोकं, मग खालून वर एकेक फळी, प्रत्येक फळी खालच्या फळीवर थोडी चढवून, आणि खिळ्यांनी एकमेकींना धरून. आकार फळ्याच घेतात. बरगड्या नंतर, तयार झालेल्या कवचात बेतून बसवायच्या. या बांधणीला क्लिंकर म्हणतात. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने नॉर्डिक देशांची ही क्लिंकर नौकांची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

फळी करवतीने कापलेली नसते. ओकचा ओंडका पाचरी ठोकून मधोमध फोडायचा, मग अर्ध्याचा पाव, पावाचा आठवा, आणखी पुढे सोळावा. प्रत्येक तुकडा गाभ्यापासून सालीकडे जाणारा. मग कुऱ्हाडीने तासून फळी. त्यामुळे लाकडाचे रेषे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. करवत रेषे मधूनच तोडते, पाचर मात्र रेष्यांच्याच वाटेने जाते. म्हणून इतकी पातळ फळी वाकते, पिळवटते, पण सहजी तुटत नाही. लाकूडही ताजं, ओलसर असतानाच वापरायचं. हावहिंग्स्टेन बांधताना हेच केलं गेलं आणि कुऱ्हाडीचे घाव फळ्यांवर अजून दिसतात. फ्रान्समधल्या बायोच्या ११व्या शतकातल्या भरतकामात जहाजं बांधणारे लोक आहेत, त्यांच्याही हातात कुऱ्हाडीच.

माझ्या १ मिलिमीटरच्या पट्ट्या अर्थातच यंत्राने कापलेल्या. पण निवडताना एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली आणि रेषा तिरपी निघणारी बाजूला टाकली. निम्म्याहून जास्त गेल्या. तात्पुरते प्लायवुडचे साचे कण्यावर उभे केले, ते पुढे काढून टाकायचे. फळीचा आकार आधी जाड कागदावर उतरवायचा, मग कागद लाकडावर. सपाट ठेवली की फळी केळीच्या पानाच्या शिरेसारखी बाकदार दिसते, जहाजावर चढली की सरळ धावते.

पहिली ओळ दोन्ही बाजूंनी झाली. डावीकडे बरंचसं अक्रोड.

२२ जानेवारी २०२३

मालवणला काकांना फोन. काकांनी आयुष्यभर होड्या दुरुस्त केल्या. आता हात थरथरतो म्हणून काम बंद, पण विषय निघाला की आवाज बदलतो. व्हिडिओ कॉलवर मॉडेल दाखवलं.

"फळयेर फळी चढयतत? बरा. मधी काय भरतत?"

म्हटलं, काका, लोकर. डांबरात बुडवलेली.

"लोकर! आमी कापूस भरतो. पन आमची फळी फळयेक कडेक कड लागता, म्हणान. तुझ्या हेंका फट नायच तशी. चडलेली आसा ना?"

एका वाक्यात नेमकं बोलले. आपल्याकडे फळ्या कडेला कड लावून बसतात, म्हणून फट ठोकून भरावी लागते. इथे फळी फळीवर चढलेली, त्यामुळे लोकर बांधतानाच मध्ये घालून ठेवायची आणि खिळ्याने आवळायची. नंतर बाहेरून ठोकून भरण्यासारखं फारसं काही राहत नाही.

मग विचारलं, पठाण, म्हणजे कणा, कितको लांब? कण्याची लांबी सांगितली तेव्हा थोडा वेळ गप्प. नंतर म्हणाले, एवढ्या लांब होडीक लाट दोन ठिकाणी धरतली, मधी कोण धरतलो? हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

५ फेब्रुवारी २०२३

घरातल्या हीटिंगमुळे हवा कोरडी. एका रात्रीत उजवीकडच्या चौथ्या ओळीतली पेअरची फळी लांबवर चिरली. काढली, नवी बसवली. आता खोलीत पाण्याचं पसरट भांडं आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलं आहे.

५ मार्च २०२३

फळ्यांच्या सगळ्या ओळी पूर्ण. आज साचे काढले.

या क्षणाची मी महिनाभर वाट पाहत होतो. आतून प्लायवुडचा एकेक साचा सैल करून वर ओढला. शेवटचा निघाला तेव्हा हातात राहिलं ते नुसतं कवच. एकही बरगडी नाही. १२० सेंटिमीटर लांब, आणि उचललं तर वजन जाणवत नाही. दोन्ही टोकं हातात धरून अगदी हळू पिळलं. ते पिळलं गेलं. एक कड वर, दुसरी खाली. सोडलं की परत जागेवर. एकही जोड उघडला नाही, कुठे आवाज नाही.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. लाटेला मध्ये कोणी धरायची गरज नाही, जहाजानेच लाटेप्रमाणे वाकायचं. १८९३ साली कॅप्टन माग्नुस आन्देर्सन यांनी नॉर्वेत सापडलेल्या गोकस्टाड या जुन्या जहाजाची 'वायकिंग' नावाची प्रतिकृती बर्गनहून अटलांटिक पार करून अमेरिकेत नेली, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी. वरची कड समुद्रात सहा इंचांपर्यंत पिळवटत असे आणि तरी जहाज पाणी आत घेत नसे, असं त्यांनी नोंदवलं आहे. तेव्हाच्या लोकांना त्याचं आश्चर्य वाटलं होतं. हावहिंग्स्टेन त्या जहाजापेक्षा सहा मीटरने लांब आणि बरंच अरुंद. त्याला हा लवचिकपणा आणखी जास्त लागतो.

मुलीला बोलावून तिच्या हातात दिलं. तिनेही पिळून पाहिलं आणि "हे जिवंत आहे" म्हणाली.

१९ मार्च २०२३

बरगड्या. खऱ्या जहाजात त्या नैसर्गिक बाकाच्या फांद्यांतून काढतात. वाकडी फांदी हवी म्हणून वाकडंच झाड शोधायचं. मॉडेलसाठी पातळ पट्ट्या वाफेवर वाकवल्या आणि आत बेतून बसवल्या. बसवता बसवता कवच घट्ट होत गेलं. अजून पिळतं, पण थोडंच.

दोन बरगड्यांमधलं अंतर या जहाजात फार महत्त्वाचं आहे. ते साधारण ७० सेंटिमीटर आहे. वरच्या ओळी सापडल्या नाहीत, म्हणजे वल्ह्यांची भोकं सापडली नाहीत. मग हावहिंग्स्टेनची ६० वल्ही कुठून आली? या अंतरावरून. दोन बरगड्यांमधल्या प्रत्येक जागेत दोन्ही बाजूंना एकेक वल्हेकरी. ७० सेंटिमीटरमध्ये एक माणूस, त्याची पेटी, त्याचं वल्हं, आणि लगेच पुढच्या माणसाची पाठ. मॉडेलवर ते अंतर २८ मिलिमीटर. कागदाची माणसं कापून बसवून पाहिली, तेव्हा कुठे कळलं की हे किती दाटीवाटीचं आयुष्य असेल.

१६ एप्रिल २०२३

खिळे. खऱ्या जहाजात सात हजारांच्या आसपास लोखंडी खिळे आणि रिव्हेट. खिळा बाहेरून घालायचा, आत त्याच्या टोकावर चौकोनी चकती ठेवायची, जास्तीचं तोडायचं आणि ठोकून पसरवायचं. १:२५ ला खिळ्याचं डोकं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा फारसं मोठं नाही.

ठरवलं की खिळे फक्त अक्रोडात लावायचे. तिथे भोकं सापडली आहेत, त्यांच्या जागा आराखड्यात आहेत. पेअरवर लावले तर दिसायला छान दिसेल, पण डोळा फसेल. बारीक तांब्याची तार, सुईने भोक, तार आत, कानशीने सपाट. संध्याकाळी दोन-तीन तास एवढंच.

१० जून २०२३

घरच्यांना घेऊन रोस्किल्डच्या बंदरात. हिवाळ्यात दालनातला सांगाडा पाहिला होता. आज हावहिंग्स्टेन पाण्यावर.

धक्क्यावर पोहोचलो आणि मुलीचा पहिला प्रश्न: ड्रॅगन कुठे आहे? नाही. नाळ सरळ उंच जाऊन निमुळती होते, बस. मूळ जहाजाबरोबर ड्रॅगनचं डोकं सापडलं नाही, म्हणून लावलं नाही. मला या संग्रहालयाचा सर्वांत जास्त आदर इथे वाटतो. ड्रॅगन लावला असता तर रोज किती लोकांनी फोटो काढले असते! आमच्या मागे उभ्या असलेल्या एका कुटुंबातली मुलंही तेच विचारत होती.

मी फळ्या पाहत होतो. वरून पाहिलं की जहाज लांब वाटतं, पण बाजूला गुडघ्यावर बसून पाण्याच्या पातळीवरून पाहिलं की त्याचा खरा आकार दिसतो. पाण्याबाहेर अगदी थोडं. पाण्यात साधारण मीटरभर. त्यामुळे उथळ किनाऱ्यावर थेट वाळूत घालता येतं. शेजारी मालवाहू जहाजं आहेत, रुंद, पोट असलेली. त्यांच्या बाजूला हे दिसतं तेव्हा कुणी सांगायला नको की हे माल न्यायला बांधलेलं नाही. ६५ ते ७० माणसं नेण्यासाठी आणि लवकर नेण्यासाठी.

फळीवर हात ठेवला. डांबर उन्हात मऊ झालेलं, बोटाला चिकटतं. पाइनच्या डांबराचा वास दिवसभर हाताला राहिला. कुऱ्हाडीचे घाव हाताला लागतात, पृष्ठभाग गुळगुळीत नाही. माझ्या मॉडेलवर मी पॉलिश पेपर मारून सगळं मऊ केलं होतं. बाहेरची बाजू तशीच ठेवायची, आणखी घासायची नाही.

हेच बंदर आणि हा छोटा बेटाचा भाग बांधायला घेतला तेव्हा, १९९७ च्या सुमारास, खोदकामात आणखी नऊ जुनी जहाजं निघाली. जहाजांच्या संग्रहालयासाठी खणलं आणि खालून जहाजं निघाली. त्यातलं 'रोस्किल्ड ६' ३६ मीटरहून लांब, आजवर सापडलेलं सर्वांत लांब वायकिंग जहाज. हावहिंग्स्टेनपेक्षाही सहा मीटर जास्त!

२५ जून २०२३

दोरखंड. संग्रहालयात दोर वळायची जागा आहे, तिथे लिंडन झाडाच्या आतल्या सालीपासून दोर करतात. साल उन्हाळ्यात काढायची, काही महिने समुद्राच्या पाण्यात कुजत घालायची, मग थर सुटे होतात आणि त्यांच्या पट्ट्या वळायच्या. ऐकता ऐकता मला खाडीत गाडून ठेवलेली नारळाची सोडणं आठवली. तेच तंत्र, फक्त झाड वेगळं. कोकणात काथ्या, इथे साल.

मॉडेलसाठी तागाचा धागा घरी पीळ देऊन वळला. तीन जाडी.

१६ जुलै २०२३

शीड. खऱ्या जहाजाचं शीड ११२ चौरस मीटर. १:२५ ला ते १,८०० चौरस सेंटिमीटरच्या आत येतं. चौकोनी, एका आडव्या काठीवर टांगलेलं. संग्रहालयाच्या जहाजाचं शीड रंगीत आहे. मी माझं कोरंच ठेवलं, कारण मूळ शीड सापडलेलं नाही. कोऱ्या तागाच्या कापडाला उभे शिवणीचे पट्टे, कडेला दोर.

शीड शिवताना २००७ चा प्रवास डोक्यात होता. १ जुलै २००७ रोजी हावहिंग्स्टेन रोस्किल्डहून निघालं, नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तर समुद्र ओलांडून ऑर्कनीला, मग स्कॉटलंडच्या पश्चिमेने, आयल ऑफ मॅनवरून डब्लिन. १४ ऑगस्टला पोहोचलं. उघडं जहाज, छप्पर नाही, झोपायचं ते बाकांच्या मध्येच. उत्तर समुद्रात वारा पडला, तेव्हा सोबतच्या आधुनिक जहाजाने काही अंतर ओढून नेलं. हेही त्यांनी लपवलं नाही. वारा पडला की अशा जहाजाचं काय होतं, तेही प्रयोगाचंच उत्तर. वल्ही आहेत, पण त्यावर अख्खा उत्तर समुद्र पार होत नाही.

डब्लिनला ते कॉलिन्स बॅरॅक्समध्ये, आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पटांगणात, हिवाळाभर लोकांना पाहायला ठेवलं होतं. ज्या शहरात मूळ जहाज १०४२ साली बांधलं गेलं, तिथेच. २००८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिणेने परत आलं, ९ ऑगस्टला रोस्किल्ड. लाकूड आयरिश आहे हे कळलं ते वर्षवलयांवरून. डेन्मार्कच्या तळात सापडलेल्या ओकची वलयं डब्लिनजवळच्या ओकशी जुळली, आणि म्हणूनच नावात ग्लेन्डालॉक आलं.

१३ ऑगस्ट २०२३

सुकाणू. मागच्या टोकाला मधोमध नाही, उजव्या बाजूला. लांब पात्यासारखं, कवचाच्या बाहेरच्या लाकडी उंचवट्याला आणि वरच्या कडेला अशा दोन ठिकाणी बांधलेलं. खालचा बंध सैल केला की सुकाणू वर फिरवून घेता येतं, किनाऱ्याला लागताना उपयोगी. सगळा भार त्या दोन बंधांवर. मॉडेलवर तो भाग फिरता ठेवला, मुलांनी हात लावून पाहावा म्हणून. तो तुटला तरी बदलता येईल असा बांधला आहे, गाठ मारली आहे, गोंद लावलेला नाही.

१३ सप्टेंबर २०२३

गोव्यात काल टाके घालून शिवायच्या जहाजाचा कणा ठेवला गेला. भारतीय नौदल, संस्कृती मंत्रालय आणि होडी इनोव्हेशन्स ही गोव्यातली नौकाबांधणी कंपनी यांचा हा प्रकल्प. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या चित्रावरून हे जहाज उभं राहणार, फळ्या लोखंडी खिळ्यांनी न जोडता दोराने शिवून.

सकाळपासून त्याचाच विचार. रोस्किल्डच्या लोकांकडे पाव जहाज होतं. अजिंठ्याच्या लोकांकडे एक चित्र आहे, भिंतीवरचं, एका चित्रकाराने डोळ्यांनी पाहिलेलं किंवा ऐकलेलं. माझ्या पद्धतीने त्याचं मॉडेल केलं तर ते पूर्ण पेअरचं होईल, एकही अक्रोडाची पट्टी नाही. म्हणून ते कमी मोलाचं ठरत नाही. पण तिथे समुद्रात नेऊन पाहणं जास्तच गरजेचं, कारण तपासायला दुसरं काही नाही. काकांना बातमी सांगितली. शिवलेल्या होड्यांबद्दल त्यांनी आपल्या आजोबांकडून ऐकलं होतं. म्हणाले, "शिवलेली होडी दगडार आपाटली तरी फुटना नाय, दबता." पुन्हा तोच लवचिकपणा, या वेळी काथ्याचा.

३० सप्टेंबर २०२३

आज वल्ह्यांची शेवटची जोडी झाली. साठही वल्ही सारखी नाहीत. टोकांकडे जहाजाची कड उंच होत जाते, त्यामुळे तिथली वल्ही लांब लागतात.

खोकं तयार आहे. प्लायवुडचं, आत मऊ फोम. डोलकाठी आणि शीड वेगळे, कारण उंची जास्त होते. दोर कापलेले नाहीत, गाठी सोडून गुंडाळी केली. तिथे पोहोचल्यावर काकांनी गाठी मारायच्या, त्यांच्या पद्धतीने चालतील.

शाळेसाठी कार्ड लिहिलं. मोठ्या अक्षरात, मराठीत, कमीत कमी शब्दांत. जहाजाचं नाव, १०४२, डब्लिन, बुडवल्याचा काळ, १९६२, हावहिंग्स्टेन २००४. खाली दोन छोटे चौकोन, एक अक्रोडाचा आणि एक पेअरचा, प्रत्यक्ष लाकूड चिकटवून. अक्रोडासमोर "हे सापडलं". पेअरसमोर आधी "हे असं असावं" लिहिलं होतं, ते खोडून "हे असं बांधून, समुद्रात नेऊन पाहिलं" केलं. शीड आणि दोर कार्डावर पेअरच्याच रांगेत टाकले.

सोबत एक सुटी फळी पाठवतो आहे, पेअरची, १ मिलिमीटर जाड, वीतभर लांब, रेषे सरळ असलेली. वाकवून पाहण्यासाठी.